दिसलं तुले, का वाटलं?

रामटेके मॅडमच्या खुर्चीवर मॅडम कधी बसल्या नाहीत. तिथे त्यांची पर्स बसायची. वर्गात आल्या की काळी, कडा झिजलेली ती पर्स खुर्चीच्या मधोमध ठेवायची, पदर कमरेला खोचायचा आणि चालायला लागायचं. फळ्यापासून खिडकी, खिडकीपासून शेवटचा बाक, तिथून परत फळा. अपराधशास्त्राचा अख्खा अभ्यासक्रम आम्ही माना फिरवत शिकलो. स्टाफरूममध्ये चहासुद्धा उभ्यानंच. एकदा मीटिंगमध्ये प्राचार्य म्हणाले, "बसा ना मॅडम." त्यावर "तुम्ही बोला सर, मी ऐकून राहिली" असं म्हणून त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. प्राचार्यांना पुढचं सगळं भाषण तिरक्या मानेनं करावं लागलं.

कॉलेज सीताबर्डीजवळ, आणि मी कन्हानहून बसनं यायचो. बाबा कोळशाच्या खाणीत होते. आमच्या वर्गात क्रिमिनॉलॉजी घेतलेल्यांपैकी निम्म्यांना पोलिसात जायचं होतं आणि उरलेल्यांना दुसरीकडे कुठे प्रवेश मिळाला नव्हता. मी पोलिसातल्यांपैकी. वर्दीशिवाय दुसरं काही स्वप्न मला पडत नव्हतं, आणि रोज नदीकाठानं धावून मी ते पायांतही भरून घेत होतो.

पहिल्या वर्षी वर्ग सुरू होऊन थोडेच दिवस झाले असतील. मॅडम शिकवत असताना एक जण सरळ आत आला, खुर्चीवरची पर्स उचलली आणि पळाला. आम्ही ओरडलो, मी तर दारापर्यंत धावलो. मॅडम मात्र शांत. "बसा सगळे. कागद काढा. चोराचं वर्णन लिहा." मी ठासून लिहिलं: लाल शर्ट, जाडा, मिशीवाला. मग तो चोर पर्स घेऊन हसत परत आला. आमचाच एक सीनियर होता. सडपातळ, तपकिरी शर्ट, ओठावर एक केस नाही. मॅडमनी पर्स उघडून आतला वर्तमानपत्राचा बोळा दाखवला, माझा कागद हातात घेतला आणि माझ्या बाकाशी येऊन थांबल्या.

"ही मिशी. दिसली तुले, का वाटली?"

"वाटली, मॅडम."

"तुह्या या वाटण्यावर एखादा पोरगा आत जाते, गा."

दरवर्षी पहिल्या वर्षाच्या पोरांवर त्या हा प्रयोग करायच्या. पण तो प्रश्न वर्गापुरता नव्हता, चोवीस तास त्यांच्या जिभेवर असायचा. कॅन्टीनमध्ये कुणी म्हणालं की आज तेल जुनं वाटते, की लगेच, "दिसलं, का वाटलं?" ऑटोवाला म्हणाला, पुढे रस्ता बंद असन, तर त्याला, "असन नको, पाहून सांग." अमकी पोरगी तमक्यासोबत फिरते असं कॉरिडॉरमध्ये कुणी कुजबुजलं तर मॅडम चालता चालता थबकायच्या आणि तो प्रश्न विचारून सगळ्या गप्पांचा विचका करायच्या. त्यांना येताना पाहून दोन-तीन प्राध्यापक चक्क वाट बदलत. आम्ही त्यांची नक्कल करायचो, पदर खोचण्यापासून. मनातून मात्र मला त्या आवडायच्या, कारण पाय एका जागी न ठरण्याचा रोग मलाही होता.

शेवटच्या वर्षाला असताना त्यांनी मला बोलावलं. "यंदाचा चोर तू. पळतो चांगला, अन् तुहं तोंड लक्षात राहण्यासारखं नाही." मला याचा रागही आला आणि अभिमानही वाटला. मी पर्स पळवली, पहिल्या वर्षाच्या पोरांनी मला उंच, बुटका, गोरा, काळा, सगळं ठरवलं, आणि नंतर मला वर्गासमोर उभं करून मॅडमनी सांगितलं, "हा मंगेश भोयर. नीट पाहून घ्या." पोरांनी नीट पाहून घेतलं. पुढे महिनाभर मी दिसलो की "चोर दादा आले" अशी हाक यायची.

पुढच्या वर्षी मी एम. ए.ला तिथेच राहिलो. भरतीची जाहिरात आली होती, मैदानी परीक्षा तोंडावर होती, म्हणून मी वर्ग बुडवून धावत होतो. मार्च लागला होता. नागपुरात मार्चपासून निम्मं गाव तोंडाला दुपट्टा बांधून हिंडतं, त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. एका मंगळवारी दुपारी असाच दुपट्टा बांधलेला एक जण मॅडमच्या वर्गात शिरला. मॅडम फळ्यावर लिहीत होत्या. त्यानं खुर्चीवरची पर्स उचलली, पहिल्या बाकावरची अदिती नावाच्या मुलीची लॅपटॉपची बॅग उचलली आणि निघून गेला.

वर्गात कुणी हललं नाही. ही गेल्या वर्षीचीच पोरं होती, आता दुसऱ्या वर्षाला आलेली. ती शहाणी झाली होती. त्यांनी निमूटपणे कागद काढले आणि वर्णन लिहायला घेतलं. अदितीनंसुद्धा, स्वतःचा लॅपटॉप गेलेला असताना. मॅडम वळल्या तेव्हा सगळा वर्ग माना खाली घालून लिहीत होता.

"काय लिहून राहिले तुम्ही?"

"चोराचं वर्णन, मॅडम. यंदा जास्त भारी केलं."

मॅडमनी खुर्चीकडे पाहिलं. "मी कोणालेच बोलावलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

हा सगळा प्रसंग मी नंतर ऐकला. ऐकताना हसू यायला हवं होतं, पण तोवर हसण्याची सोय राहिली नव्हती. कारण बहुतेक कागदांवर एकच गोष्ट होती: गेल्या वर्षीचेच मंगेश दादा. चालण्यावरून ओळखले, डोळ्यांवरून ओळखले. एकानं तर दुपट्ट्याखालची माझी मिशीही लिहिली होती. मला मिशी नाही. फाटकावरच्या कॅमेऱ्यात दुपट्ट्यातलं एक डोकं आलं होतं, ते कुणाचंही असू शकलं असतं. अदितीचे वडील ते कागद घेऊन ठाण्यात गेले, आणि दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं.

"कुठं होता?" साहेबांनी विचारलं. मी सांगितलं, कन्हानला नदीकाठी धावत होतो. "कोणी पाहिलं?" एकटाच होतो. मोबाइल घरी चार्जिंगला होता. "लोकेशन कन्हानचंच निघेल, साहेब." "मोबाइल होता ना. तू होता का?" उद्यापर्यंत कुणी साक्षीदार असेल तर आण, नाहीतर गुन्ह्यात नाव जाईल, असं त्यांनी सांगितलं. गुन्ह्यात नाव गेलं की चारित्र्य पडताळणीत नापास, आणि वर्दी संपली. ठाण्यातून बाहेर आलो तेव्हा पाय कुठे न्यायचे ते कळेना. व्हरायटी चौकात मी उगाच एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जात राहिलो आणि शेवटी कॉलेजात शिरलो.

मॅडम स्टाफरूममध्ये कप घेऊन उभ्या होत्या. मी दारातूनच म्हणालो, "मॅडम, तुम्ही फक्त एवढं सांगा ठाण्यात, की तो मी नव्हतो. तुमचं ऐकतील."

"माझं तोंड फळ्याकडे होतं. मी काहीच पाहिलं नाही."

"पण तुम्हाला माहीत आहे ना!"

"माहीत नाही."

माझं डोकं सणकलं. "मग वाटते तरी काय तुम्हाले? तेवढं तरी सांगा. मी केलं वाटते का?"

त्यांनी कप खिडकीत ठेवला. "माह्या वाटण्याचं काय करशील तू? ठाण्यात नेऊन दाखवशील?"

"तुम्हीच मला चोर करून उभं केलं होतं त्यांच्यासमोर," असं म्हणून मी निघालो. जिन्यात रडू आलं. आयुष्यात तेवढं एकटं मला नंतर कधी वाटलं नाही. त्या बाईनं एक शब्द दिला असता तर, असं बसमध्ये बसून मी दात खात म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या सुमारास त्या कन्हानला आमच्या दारात उभ्या होत्या. आईनं खुर्ची पुढे केली. "बसायले नाही आली. कुठून कुठं धावला ते दाखव." मी घुश्शातच पुढे झालो, आणि मागून त्यांच्या चपला फटफट करत येऊ लागल्या.

पुलाजवळ चहाचं दुकान आहे. दुकानदार मला लहानपणापासून ओळखतो. "हो ना मॅडम, पाह्यलं ना. रोजच धावते हा."

"रोजचं नको. परवा मंगळवारी, दुपारी पाहिलं का?"

"मंगळवारीही धावलाच असन ना."

"असन नको, भाऊ. दिसला तुम्हाले, का वाटला?"

तो बिचारा गडबडला. मी डोळ्यांनी त्याच्या पाया पडत होतो, की म्हण बाबा, पाहिलं म्हण. तो म्हणालाही असता. पण मॅडम पुढे निघूनही गेल्या होत्या. "मॅडम, तो सांगायला तयार होता!" मी ओरडलो. "म्हणूनच नको. उद्या वकिलानं हाच प्रश्न विचारला की तो पडन, अन् सोबत तुले घेऊन पडन."

आम्ही नदीच्या पात्रात उतरलो. उन्हाळ्यात तिथे रेतीत डांगराच्या, म्हणजे खरबुजाच्या, वाड्या असतात. नजर जाईल तिथवर वेल, आणि मध्ये एखादं माणूस. मॅडमच्या चपलेत रेती जात होती, त्या झटकत होत्या आणि पुन्हा चालत होत्या. एका वाडीतून एक म्हातारी आम्हाला पाहून ताडकन उठली.

"आला का रे मुडद्या परत? यानंच, बाई, यानंच माह्या वेलावर पाय देला होता."

मॅडम थांबल्या. "कधी, आजी?"

"धरणाचं पाणी सोडलं ना, त्या दिवशी. मंगळवारी. इकडं माहे वेल भिजून राहिले, मी डांगरं उचलून राहिली, अन् हा घोड्यावानी आला मधातून. मी शिव्या देऊन राहिली होती तेव्हाच खाणीचा दुपारचा भोंगा झाला."

मला शिव्या आठवत होत्या. पण शिव्या देणारी बाई आपली साक्षीदार असू शकते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मॅडमनी विचारलंच, "हाच होता, आजी? दिसला तुम्हाले, का वाटला?"

"माह्या वेलावर पाय देला, बाई. दिसन नाही त काय?"

मॅडम पहिल्यांदाच हसल्या. आजीनं त्यांना एक डांगर दिलं, ते मी ठाण्यापर्यंत काखेत वागवलं.

आजीचा जबाब झाला; भोंग्याची वेळ आणि पर्स गेल्याची वेळ एकच निघाली. मग मॅडम उभ्या राहूनच साहेबांना म्हणाल्या, "अजून एक लिहून घ्या. या पोरांनी याले ओळखलं, कारण मीच याले त्यांच्यासमोर चोर म्हणून उभं केलं होतं. दुपट्ट्याच्या आत त्यांनी माहं शिकवणं पाहिलं." साहेब म्हणाले, "मॅडम, हे कागदावर आलं तर कॉलेज तुम्हालेच धरन." मॅडम म्हणाल्या, "धरू द्या." आणि कॉलेजनं धरलंच. प्रयोग बंद झाला, नोटीस आली, पुढच्या वर्षी तो विषयच त्यांच्याकडून काढून घेतला. पर्स आणि लॅपटॉप नेणारा कधी सापडला नाही.

माझं नाव गुन्ह्यात गेलं नाही. मी भरती झालो. पहिल्या पगाराचे पेढे घेऊन मी सगळ्यांकडे गेलो, त्यांच्याकडे गेलो नाही. त्यांनी मला वाचवलं हे कळत होतं, तरी स्टाफरूमच्या दारातलं ते उत्तर बोचत होतं. रेतीत उन्हात फिरायला तयार असलेली बाई "माझा तुझ्यावर विश्वास आहे" एवढं म्हणायला का तयार नसावी? ड्यूटीवर, बंदोबस्तात, कुठेही रिकामा उभा राहिलो की हा प्रश्न सुरू व्हायचा आणि मी येरझाऱ्या घालू लागायचो.

मग कळलं की त्या आजारी आहेत. सक्करदऱ्याला तलावाजवळ त्यांच्या धाकट्या बहिणीकडे होत्या. गेलो. खिडकीजवळच्या खुर्चीवर मॅडम बसल्या होत्या. बसलेल्या मॅडम मला ओळखूच येईनात. बहीण म्हणाली, कमरेखाली ताकद राहिली नाही, उचलूनच ठेवावं लागतं. खुर्चीखाली त्यांचे पाय मात्र पुसट हलत होते, कुठे जायचं राहिलं असावं तसे.

त्यांनी वर्दीकडे पाहिलं. नावाची पट्टी वाचली. "भोयर," त्या म्हणाल्या, "बरी बसली वर्दी." थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. बहीण चहा करायला आत गेली आणि माझ्यानं राहवलं नाही.

"मॅडम, त्या दिवशी तुम्हाला काय वाटत होतं?"

"अजून तेच घेऊन बसला का, गा?" त्यांनी खिडकीचा गज धरला. "वाटत होतं. तू दारात येऊन उभा राहिला ना, तेव्हाच वाटत होतं, हा पोरगा नाही. पक्कं वाटत होतं. पण तसं म्हटलं असतं त तू समाधानानं घरी गेला असता. अन् मलेही समाधान झालं असतं, मीही बसली असती. मंग कन्हानले कोण गेलं असतं?"

इतकी वर्षं जे मागत होतो ते त्या दारातच मला मिळालेलं होतं. मी त्यांचे पाय धरले. ते थंड होते.

"जा आता," त्या म्हणाल्या. "ड्यूटी असन."

फाटकाबाहेर येऊन गाडीला किल्ली लावली आणि सहज वर पाहिलं. खिडकीत मॅडम उभ्या होत्या. दोन्ही हातांनी गज धरून, पदर कमरेला खोचून, ताठ.

पंधरवड्यात त्या गेल्या. भेटायला गेलो तेव्हा मी बहिणीला हे सांगितलं. ती मान हलवत म्हणाली, "शक्यच नाही, भाऊ. आम्ही दोघं-तिघं धरायचो तेव्हा ती उठायची. तुम्हाले वाटलं असन."

"नाही, ताई," मी म्हणालो. "दिसलं मले."