उलाळ

घाट उतरून गाडी थांबवली, तरी गाडीतल्या ओट्यावरच्या पेल्यातलं पाणी सांडलं नव्हतं. मी ते दोनदा पाहिलं.

जुन्या ट्रॅव्हलरमध्ये ओटा, पलंग, पाण्याची टाकी बसवून ही घरगाडी मी केली, आईला आणि आबांना समुद्र दाखवायला. पण पहिल्याच फेरीत तिचं शेपूट असं झुललं, की आई खाली उतरली. म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं. मी एसटीनं येते." मी शॉकअप बदलले, वहीभर गणितं केली. झुलणं तसंच.

आबांनी उभा जन्म बैलगाडी हाकलेली. त्यांनी मागची भरलेली टाकी थोपटली. "इंजिनेरसाहेब, गाडी उलाळ झालीया. मागं जड, पुढं हलकी. बैल असते तर जू वर गेलं असतं." मग टाकी मागच्या चाकांच्या पुढे घेतली, तीही अगदी तळाशी.

उलाळ हा शब्द लहानपणापासून कानावर होता. त्याचंच गणित कॉलेजात चार वर्षं शिकलो, आणि दोन्ही एकच, हे टाकी हलवताना कळलं. पदवीचा अभिमान आहेच, तो का सोडू? पण 'घरात शिकलेला पहिला मी' असं आता म्हणवत नाही. 'पदवी घेतलेला पहिला' म्हणतो.

आज घाट उतरून थांबलो, तेव्हा मागे पलंगावर आई गाढ झोपली होती. तिच्याकडे बघत आबा हळूच म्हणाले, "एसटी चुकली हिची."