दवाखान्याच्या भिंतीतला खळगा

ओल्या चुन्याचा वास आला की मला आमच्या दिवेआगरचा दवाखाना आठवतो. मुंबईत लोकांचे पैसे शेअरांत गुंतवणाऱ्या कंपनीचे कारभारी असलेल्या, आमच्याच गावच्या शेटजींनी त्यासाठी पैसे दिले, आणि चुना भाजायला माझ्या आईसकट गावच्या कोळणींनी महिनाभर टोपल्या भरभरून शिंपल्या वेचल्या. उद्घाटनाला शेटजी आगबोटीनं आले. भिंतीतल्या संगमरवरी पाटीवर एकट्या त्यांचंच नाव आहे असं कळल्यावर माझी आई गर्दीतून पुढं झाली. “शेट, या भिंतीत आमच्या शिंपल्या हायत. आमचं नाव कुठं हाय?” शेटजी शांतपणे म्हणाले, “खरंय बाई, भागीदारांना विचारायचंच राहिलं,” आणि त्यांनी गवंड्याला पाटी काढायला लावली. तिथला चौकोनी खळगा आईनं जन्मभर बुजवू दिला नाही. “त्येच शेटचं नाव हाय,” म्हणायची. आता सफेदीच्या दिवशी, कुणी तो बुजवू नये म्हणून, आईच्या जागी मी तिथं जाऊन उभी राहते.