दोन बोटांची चिमूट

दौंडहून फोन आला तेव्हा दुपार कलली होती. शालनचा भाऊ दत्ता बोलत होता. "ताई गेली. काल सकाळी अंगावरनं वारं गेलं व्हतं..." पक्षाघाताला आमच्याकडे हाच शब्द आहे. शालन आयुष्यभर याच शब्दाशी भांडत आली होती.

शिरूरच्या कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो. ती निमोण्याची, घरच्यांनी मेंढरं विकून शेती धरलेली. नव्वदच्या दशकात तिच्या वडिलांचं अर्धं अंग लुळं पडलं. वारं गेलं म्हणून घरच्यांनी दारं-खिडक्या लावल्या, घोंगडं पांघरलं, तेल चोळलं. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता.

पुढे ती पुण्याच्या एका प्रयोगशाळेत लागली. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारी औषधं तिथे माणसाआधी काचेच्या नळीत तपासत. मेंढीच्या रक्ताची गुठळी नळीत अडकवायची, कोमट खारं पाणी पंपानं खेळतं ठेवायचं, औषध सोडायचं आणि पाहत बसायचं. ताजी गुठळी विरघळे. शिळी हटत नसे. "नळीत उशीर झाला तर दुसरी गुठळी लावता येते," ती म्हणे, "माणसात नाही."

"मेंढरं राखायची सोडली आपन," तिची आई, पारूमावशी, टोमणा मारायच्या, "आन् ही आता त्यांचं रगत राखती!"

"तू लोकर काढली, आये, मी रगत काढती. मेंढरू त्येच."

बाद झालेली एक नळी तिनं दौंडला, रेल्वे कॉलनीतल्या दत्ताच्या क्वार्टरमध्ये आणून ठेवली होती. सुट्टीत आली की शेजारणींना जमवायची. नळीला रबरी नळीचा तुकडा जोडून तांब्यानं पाणी सोडायची आणि मध्येच रबर दोन बोटांच्या चिमटीत दाबायची. धार तुटे. "ह्ये वारं न्हाई, गाठ हाय. दार लावू नका, गाडी बोलवा."

फोन आला त्याच्या आदल्या सकाळी ती तिथेच होती. हातातला कप पडला, वाचा गेली, उजवा हात लोंबला. दत्ता ड्यूटीवर होता. घरात मायलेकीच. शालननं डावा हात उचलला, दोन बोटं एकमेकांवर दाबली. सोडली. पुन्हा दाबली...

"आंगारा मागतीया," मावशींना वाटलं. त्यांनी देवापुढचा चिमूटभर अंगारा तिच्या कपाळाला लावला. खिडकी लावली, घोंगडं पांघरलं. दत्ता परतला तेव्हाही तिची बोटं हलत होती, असं तो सांगतो.

काही आठवड्यांनी दौंडला गेलो. खोलीची खिडकी सताड उघडी होती. मावशी ती आता कुणाला लावू देत नाहीत. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग त्या उठल्या, फळीवरची नळी काढून मांडीवर घेतली. रबराचा तुकडा तसाच लोंबत होता. त्यांनी तो दोन बोटांत धरला. दाबला.

"आंगारा न्हवती मागत ती... व्हय ना?"

मी हो म्हणालो.

मावशींनी बोटं सोडली. नळी कोरडीच होती. तरी किती तरी वेळ त्या नळीच्या तोंडाकडे पाहत राहिल्या.