ऑक्टोबरातली छाटणी

निघायच्या दिवशी बाबांनी बांधलेली बॅग पुन्हा उघडायला लावली. वजन आधीच काठावर होतं. आई चिडली. "अहो, तिला काय शेती करायला पाठवतोय का आपण?" बाबांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली आपली छाटणीची कात्री लोणच्याच्या बरणीशेजारी सारली आणि मला म्हणाले, "जाशील तिथे एखादं झाड असेलच. ऑक्टोबर संपायच्या आत छाटायचं, एवढं लक्षात ठेव." नाशिकच्या आमच्या गच्चीवर त्यांचे वीस-पंचवीस गुलाब होते आणि त्या छाटणीचा दिवस ते सणासारखा पाळत. माझा नवरा निखिल खाली गाडीपाशी घड्याळ बघत होता. दोन वर्षांची इरा माझ्या कडेवर झोपली होती. त्या दिवशी मला कशाचीही भीती वाटली नव्हती. आता ते खरं वाटत नाही.

जपानात, नागोयाला निखिल गाड्यांच्या इंजिनांवर काम करायचा. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात अर्धवेळ लागले. सहा वर्षं फ्लॅटमध्ये काढल्यावर आम्ही भाड्याचं छोटं घर घेतलं. त्याच्यापुढे अंगण म्हणून जी जागा होती, तिच्यात एक गाडीही नीट उभी राहिली नसती. निखिलने तिथे शिदेकोबुशी लावलं. हे इथल्याच डोंगरांतलं झाड, आपल्या सोनचाफ्याच्या घराण्यातलं, पण बुटकं आणि सावकाश वाढणारं. मार्चअखेरीस पानांच्या आधी फुलतं. फुलं पांढरी, फितीसारख्या अरुंद पाकळ्यांची. आणलं तेव्हा ते गुडघ्याएवढं होतं. पहिले दोन वसंत नुसतीच पानं आली. इराने छेडलं, "बाबा, तुझं झाड नापास." निखिल म्हणाला, "जपानी आहे ते. उशीर झाला तर आधी माफी मागेल. पुढच्या वर्षी बघ, मोजता येणार नाहीत इतकी फुलं."

तो ऑगस्टमध्ये गेला. सकाळी डबा घेऊन निघाला आणि दुपारी ऑफिसातून फोन आला. हृदय. त्याबद्दल मी याहून जास्त लिहू शकत नाही.

त्यानंतर मी प्रत्येक गोष्टीला घाबरू लागले. महापालिकेच्या पाकिटांना, शाळेतून येणाऱ्या चिठ्ठ्यांना, इराला पाच मिनिटं उशीर झाला की भिंतीवरच्या घड्याळाला. हाताला काही काम हवं होतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात मी बाबांची कात्री काढली आणि शिदेकोबुशी छाटलं. गुलाब छाटतात तसंच, प्रत्येक फांदीचं टोक तिरकं कापत. दोन महिन्यांत पहिल्यांदाच काहीतरी बरोबर केल्यासारखं वाटलं.

जाळायचा कचरा उचलतात त्या दिवशी फांद्यांची मोळी बांधून मी कोपऱ्यावर नेली. शेजारच्या ओकुमुरा-सान तिथेच होत्या. सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या.

"देसाई-सान, हे तुमचं शिदेकोबुशी का?"

"हो. थंडीच्या आत छाटून टाकलं."

त्यांनी मोळीतली एक काडी ओढून तिच्या टोकाची लव असलेली राखाडी गाठ नखाने उघडली. आत पांढरं होतं. "हे उन्हाळ्यातच तयार होतं," त्या हळू म्हणाल्या, आणि लगेच, "पण झाडाला काही होणार नाही हं, काळजी करू नका."

उन्हाळ्यात. म्हणजे निखिल होता तेव्हा. तो रोज सकाळी त्या झाडासमोर चहा प्यायचा तेव्हा त्या कळ्या धरत होत्या आणि मी त्यांची मोळी बांधून कचऱ्यात आणली होती.

घरी येऊन शोधलं. भिंतीकडच्या, माझा हात न पोचलेल्या फांद्यांवर सात कळ्या उरल्या होत्या. तो सगळा हिवाळा मी त्या मोजत राहिले. इरा खिडकीशी उभी राहून दात घासायची आणि झाडाकडे बघायची. बाबाने पुढच्या वर्षीचा शब्द दिला होता. मी त्या कळ्याच तोडून टाकल्या, हे तिला कळलं तर? मी मराठीत विचारायचे, ती जपानीत उत्तर द्यायची, आणि झाडाचा विषय दोन्ही भाषांत निघायचा नाही. रविवारी नाशिकहून फोनवर सासूबाई विचारायच्या, "आता तिथे काय राहिलंय तुमचं? इराचं वर्ष संपलं की या निघून." मी "बघते, आई" म्हणायचे आणि डोळे खिडकीबाहेर, त्या सात कळ्यांवर.

मार्चमध्ये कळ्यांची लव फाटली आणि पांढरी टोकं दिसू लागली. त्याच आठवड्यात दव गोठण्याचा इशारा आला. संध्याकाळी मी जुनी चादर घेऊन बाहेर गेले. इरा दुसरं टोक धरायला आली.

"इरा, या वर्षी फार फुलं येणार नाहीत. मी चुकून कळ्या छाटल्या."

"माहितीये."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. ओकुमुरा-सान सांगत होत्या तेव्हा मी मागे सायकल घेऊन उभी होते."

"मग बोलली का नाहीस?"

ती आधी जपानीत काहीतरी पुटपुटली. मग, मला नक्की कळावं म्हणून, मराठीत म्हणाली, "तुला आणखी वाईट वाटलं असतं, तर तू म्हणाली असतीस, चला नाशिकला. बाबा इथे होता, आई. तिथे मला तो आठवतच नाही."

एवढ्याशा घरात आम्ही दोघी पाच महिने एकमेकींपासून भीती लपवत होतो.

चादरीने सगळं वाचलं नाही. सकाळी चार कळ्या उकळलेल्या चहापत्तीसारख्या तपकिरी झाल्या होत्या. तीन उमलल्या. इराने मोठ्याने मोजलं, "एक, दोन, तीन. मोजता आली," आणि हसता हसता रडली. फुलं आठवडाभर टिकली. पाकळ्या गळाल्यावर ओकुमुरा-सान कुंपणापलीकडून म्हणाल्या, "छाटायचंच असेल तर आता. मग उन्हाळ्यात हात लावू नका."

"उन्हाळ्यात आपण इथे असू ना?" इराने विचारलं. पुढच्या कळ्या निखिलने न पाहिलेल्या पहिल्या कळ्या असणार होत्या. त्या बघायची मला धास्ती वाटत होती, अजूनही वाटते. "असू," मी म्हणाले.

नाशिकच्या तुम्हा सगळ्यांना, आणि माझ्यासारखं कुठे कुठे जाऊन राहिलेल्यांना हे लिहिते आहे. वर्षश्राद्धाला आम्ही येतो आहोत, आई. तुम्ही दर रविवारी विचारता, म्हणून आधीच सांगते: तिकिटं परतीची काढली आहेत. घर कुठलं, हे मला पूर्वी पटकन सांगता यायचं. आता एवढंच सांगता येतं की भीती वाटली तरी जिथून पळावंसं वाटत नाही, ते घर असावं.

काल इराने मला हाताला धरून बाहेर नेलं. पानांच्या बेचक्यात बोटाच्या पेराएवढी राखाडी गाठ होती. आम्ही दोघी वाकून बघत राहिलो. हात कोणीच लावला नाही.