कॅसेटींना नंबर लावले तेव्हा

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नव्हती, आणि आता या वयात ती मोडायचा मला कंटाळा आहे. तेव्हा इथेही मी त्यांना 'हे'च म्हणणार. हे मस्कतला एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर होते. दोन वर्षांतून एकदा दोन महिन्यांची रजा. मी इथे रत्नागिरीत सासूबाई, मुलगी, हापूसची थोडी कलमं आणि घर सांभाळायची. सांभाळायची म्हणजे काय, तर कौलं चाळायला माणूस बघा, फवारणीला माणूस बघा, विहिरीवरचा पंप बंद पडला की त्याला माणूस बघा. माणसं बघून बघून माझा जीव मेटाकुटीला आला होता. त्या वर्षी मी मनाशी पक्कं केलं होतं की या रजेत ह्यांना सांगायचं, आता पुरे, परत जाऊ नका.

त्याच रजेत हे कम्प्युटर घेऊन आले. ऐंशीच्या दशकाची अखेर होती ती, कम्प्युटर आम्ही फक्त पेपरात वाचलेला. पेटीतून निघाला तो एक काळा कळफलक, बस. त्याला स्वतःचा पडदासुद्धा नव्हता, तो आमच्या टीव्हीला जोडायचा. बंद केला की शिकवलेलं सगळं विसरायचा. म्हणून जे भरलं असेल ते टेपरेकॉर्डरने गाण्याच्या छोट्या कॅसेटवर उतरवून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी तीच कॅसेट त्याला परत ऐकवायची. ती वाजताना असा चिरका आवाज निघायचा की सासूबाई माजघरातून म्हणायच्या, "अगो, त्याला तेल तरी घाला."

त्याच्यासोबत याद्या करायचा एक प्रोग्रॅम आला होता. हे म्हणाले, आपल्या व्हिडिओ कॅसेटींची नोंद करू. साठ-सत्तर कॅसेटी होत्या आमच्याकडे. काही ह्यांनी तिकडून आणलेल्या, काही मुंबईहून मागवलेल्या, काही लग्नाकार्याच्या. सगळी आळी नेऊन बघायची. कुठली कोणाकडे आहे ते मला तोंडपाठ होतं, आणि कपाटातली कुठलीही मी डोळे मिटून काढून दिली असती. पण ह्यांनी कॅसेटींच्या पाठीवरच्या माझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या खरवडून काढल्या आणि त्या जागी नंबर चिकटवले. नाव, किती तासांची, कोणाकडे गेली, हे सगळं मशीनमध्ये. तेही इंग्रजीत, कारण त्याला मराठी येत नव्हतं.

त्यानंतर सासूबाईंनी त्यांचा आवडता देवादिकांचा सिनेमा मागितला की आधी टीव्हीमागची वायर बदलायची, मग टेपरेकॉर्डर लावायचा, मग दहा मिनिटं ते चिरकणं ऐकायचं. एवढं करून पडद्यावर नंबर येईपर्यंत वीज जायची. वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. "देव नंबरान् सापडतो होय?" असं विचारून सासूबाई शेजारी जाऊन बसायच्या.

हे गणपतीला आले होते. दिवाळी झाली. कलमांना मोहोर दिसायला लागला तरी हे घरीच. विचारलं तर म्हणाले, कंपनीने रजा वाढवून दिलीय. मी पुढे खोदून विचारलं नाही. आयतीच रजा वाढतेय तर कशाला विचारा. पण जायची तारीख काही हे सांगेनात, आणि मला जे बोलायचं होतं ते बोलायला सवडही देईनात. सकाळचा चहा झाला की मशीनपुढे. जेवून पुन्हा मशीनपुढे. मधूनच मला हाक मारायचे, "बस इथे, शिकून घे. मी नसताना तुला जमलं पाहिजे."

ह्या वाक्याने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी नसताना. माझं सगळं आयुष्य त्या 'मी नसताना'त चाललं होतं, त्यात आता हे एक आणखी. मी म्हणायची, "मला भात लावायचाय." आणि खरंच भात लावायला उठायची, जेवणं होऊन गेलेली असली तरी.

आमच्या दगडी गडग्यापलीकडे एक मुसलमान कुटुंब राहायचं. बाईचं माहेर पूर्णगडचं, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. तिचा नवराही मस्कतला, ह्यांच्याच कंपनीत. ह्यांनीच शब्द टाकून त्याला चिकटवला होता. तिच्याकडे व्हिडिओ नव्हता. आमच्या बाजूला तेव्हा एक रीतच पडून गेली होती. आखातातून कोणी रजेवर आला की त्याच्याबरोबर कॅमेऱ्यापुढे बोललेली एखादी कॅसेट यायची, आणि ज्यांच्याकडे व्हिडिओ नाही ते ती घेऊन व्हिडिओवाल्यांच्या घरी यायचे. येताना हात रिकामे नसायचे. कोणी घावन आणी, कोणी सुकी मासळी. घरच्यांनी उठून जायचं नाही, कारण ते तुसडेपणाचं दिसतं. मात्र पडद्यावरचा माणूस बायकोशी काही खाजगी बोलायला लागला की सासूबाई मोठ्याने खोकायच्या, मी चहा टाकायला उठायची, आणि पुरुष खिडकीबाहेर बघायचे. बोलणारा तिकडे एकटा कॅमेऱ्यापुढे बसलेला. आपल्यासमोर परक्याचं अख्खं घर बसलंय हे त्याच्या लक्षातच राहायचं नाही.

एका रविवारी दुपारी ती अशीच कॅसेट घेऊन आली. डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "भाभी, ह्यांची आलीय. लावता काय जरा?" ह्यांनी मुकाट्याने मशीनची वायर काढली आणि व्हिडिओची जोडली. आम्ही सगळे बसलो. सासूबाई खुर्चीत, मी आणि ती चटईवर, मुलगी तिच्या मांडीत. हे मागे उभे होते.

तिचा नवरा पडद्यावर आला. जाड झाला होता. सलाम केला, तब्येतपाणी विचारलं, आईच्या औषधांचं विचारलं. मग कॅमेरा धरणाऱ्याला म्हणाला, खोली दाखव. भिंत दिसली, पंखा दिसला, एकावर एक अशा लोखंडी खाटा दिसल्या. खालच्या खाटेवर एक अनोळखी पोरगा लाजून हसत होता.

"ही आपल्या शेजारच्या दादांची खाट," तो म्हणाला. "आता हा केरळचा पोरगा झोपतो हिच्यावर. दादांना सांग, त्यांची पेटी माझ्याकडं आहे, काळजी करू नका. स्टोअरात आता सगळा कम्प्युटर बसवलान्. दादांची आणि दुसऱ्या एका माणसाची जागाच काढून टाकली. फार वाईट वाटला बघ. दादांना दुसरा काही मिळाला काय, लिहून कळव."

मी सवयीने चहा टाकायला अर्धी उठले होते. तशीच परत खाली बसले. सासूबाई खोकल्या नाहीत. तो पुढे ईदला पैसे पाठवतो वगैरे सांगत राहिला, पण ते कोणी ऐकत नव्हतं. शेजारीण माझ्याकडे बघत होती. तिचं तोंड एवढंसं झालं होतं, जणू नोकरी तिनेच काढून घेतली. कॅसेट संपायच्या आत ती उठली. "मला काय ठाऊक नव्हता भाभी," एवढंच कसंबसं म्हणाली आणि घावनांचं ताट तिथेच टाकून गेली.

सासूबाईंनी नातीचा हात धरला. "चल गो, परसात कोंबडी बघू," म्हणाल्या आणि आम्हा दोघांना तिथे ठेवून निघून गेल्या.

ह्यांनी व्हिडिओ बंद केला. बराच वेळ टीव्हीमागे वायरशी काहीतरी करत राहिले.

"कधी सांगणार होतात?" मी विचारलं.

"हे जमलं की."

"काय जमलं की?"

"हे मशीन." माझ्याकडे न बघता बोलत होते. "साहेबाने मला विचारलं होतं, हे चालवता येईल का. मी म्हटलं, नाही येत. तेरा वर्षं त्या स्टोअरातला खिळा न् खिळा मला ठाऊक होता, पण त्याने विचारलं ते मला येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी हातात हिशोब दिला. आता दुसरीकडे कोणी विचारलं तर हो म्हणता आलं पाहिजे. घरात नोंद करण्यासारखं दुसरं काय होतं? ह्याच कॅसेटी होत्या."

मला इतकी वर्षं जे हवं होतं ते झालं होतं. हे घरी होते, जायची तारीख नव्हती, तिकडच्या खाटेवर दुसरा माणूस झोपत होता. मी फक्त म्हणायचं होतं, बरं झालं, राहा आता इथेच, कलमं बघू, दोघं मिळून काहीतरी करू. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण ह्यांची पाठ माझ्याकडे होती, आणि ती पाठ मी कधी अशी वाकलेली पाहिली नव्हती. मला हे घरी हवे होते, पण असे नको होते. राग आला, भयंकर दमल्यासारखं झालं, आणि त्याच वेळी ह्यांची इतकी दया आली की मला रडूही येईना.

"किती राहिल्यात भरायच्या?" मी विचारलं.

"पंचवीसेक असतील. पण त्यांवर आता नावं नाहीत. प्रत्येक लावून बघावी लागेल."

"मला माहीत आहेत," मी म्हटलं. "तुम्ही बसा, मी सांगते."

मी कपाट उघडून खाली फतकल मारली. एकेक कॅसेट हातात घेऊन मी नाव सांगत होते आणि हे एका बोटाने एकेक अक्षर शोधत टाइप करत होते. चुकलं की पुसत होते, पुन्हा करत होते. हळूहळू बोट भराभर चालायला लागलं. परत जायला मीच ह्यांना मदत करत होते, हे मला पुरतं कळत होतं. तरी मी पुढची कॅसेट काढली.