जेराल्डच्या पांढऱ्या पेशी

कल्पना करा, तुमच्यासमोर काचपट्टीवर रक्ताचा एक थेंब आहे. दुसऱ्या पट्टीच्या कडेनं तो एका ओढीत पसरायचा. हात अडखळला की थर बिघडतो. मग रंग चढवून सूक्ष्मदर्शकाखाली जांभळे ठिपके शोधायचे. त्या पांढऱ्या पेशी, शरीराच्या राखणदार. आणि आता समजा, हे रक्त तुमच्या धाकट्या भावाचं आहे.

ठाण्यातल्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत सुझाना हेच काम करते. १९५७च्या पावसाळ्यात फ्लूची साथ आली आणि भातलावणी अर्धी टाकून तिचा भाऊ जेराल्ड अंथरुणाला खिळला.

तिनं सुई काढताच तो म्हणाला, "आला डास. दिवसभर लोकांचं पिऊन पोट नाही भरलं?"

"तुझं आंबटच असणार. गप पड."

काचेवर पांढऱ्या पेशी फार थोड्या दिसल्या. "फ्लूमध्ये कमी होतात," डॉक्टर म्हणाले. सुझानाला ते ठाऊक होतं, तरी सोसवेना. चोर घरात आणि राखणदारच गायब.

ताप उतरला आणि पुन्हा चढला. तिनं परत थेंब घेतला. या वेळी काच पांढऱ्या पेशींनी भरलेली. डॉक्टर निघून गेले होते. ती तशीच घरी आली.

"आये, राखणदार परत आले."

आई थेरेसाला तेवढं पुरलं. मागणं पुरं झालं की गावच्या क्रुसाजवळ प्रार्थना करून उकडलेले चणे वाटायचे, ही त्यांची रीत. तिनं त्याच संध्याकाळी वाटले. जेराल्डनंही दोन दाणे तोंडात टाकले. खोकल्यानं ते बाहेर आले.

सकाळी डॉक्टरांनी काच पाहिली.

"सुझाना, या पेशी फ्लूसाठी नाही आल्या. फ्लूनं सोललेल्या फुप्फुसांत दुसरे जंतू शिरलेत. त्यांच्यावर आल्यात."

पेनिसिलिन सुरू झालं, पण जेराल्ड वाचला नाही.

थेरेसानं मुलीला कधी बोल लावला नाही. पण क्रुसाजवळ कोणी चणे पुढे केले की ती पदर पसरत नाही, आवरून घेते.

साथीनंतरही सुझाना प्रयोगशाळेतल्या त्याच स्टुलावर बसते. फ्लूच्या रोग्याच्या पेशी वाढलेल्या दिसल्या की काच हातात घेऊन आधी डॉक्टरांना गाठते. ते घरी गेले असतील तर घरी.

पेशी का वाढल्या, हे तिला कळलं. तिला अजून हवंय ते आधीचं उत्तर: नुसता फ्लू होता, तेव्हा त्या पेशी होत्या कुठे? विषाणूनं मारल्या, की रक्त सोडून फुप्फुसांकडे लढायला गेल्या होत्या?