बेल-भंडाऱ्याची शपथ

आणीबाणी उठल्यानंतरच्या निवडणुकीत आमच्या ह्यांनी आमदारकीला अर्ज भरला. अपक्ष, जागा खुली, पहिलीच खेप, आणि आम्ही बौद्ध. "तुमचं डोकं ठिकाणावर हाय का?" मी तोंडावर विचारलं. हे वसमतच्या कोर्टात वकिली करायचे. अडलेनडलेले शेतकरी ह्यांच्याकडे यायचे, ओट्यावर बसून रडायचे. हे लोक मतंही देतील असं ह्यांना वाटलं. डोंबल देतात!

घरात शब्द चालायचा तो सासऱ्यांचा. धर्म घेतला त्या वर्षी मामंजींनी देव्हाऱ्यातले टाक स्वतःच्या हातानं टोपलीत भरून नदीत सोडले होते. गावानं त्यांना काम देणं बंद केलं, पिठाच्या गिरणीवर उभं राहू दिलं नाही. म्हातारा हलला नाही. अर्ज भरून आलेल्या मुलाला त्यांनी समोर बसवलं आणि म्हणाले, "हरला तरी मला दुख न्हाई. पन मतापायी कोन्या देवापुढं वाकला, तर मी तुहा बाप न्हाई अन् तू माहा लेक न्हाई." ह्यांनी मान डोलावली. मीही तिथंच होते.

भाड्याच्या जीपवर भोंगा बांधून आम्ही फिरलो. बायकांशी बोलायला म्हणून मी बरोबर असायचे. ऐन हळद काढायचे दिवस, माणसं शेतात. जी भेटत ती गोड बोलत, पण चहा यायचा तो वळचणीला खोचून ठेवलेल्या कानतुटक्या कपात. तो कप बघितला की माझं पित्त खवळायचं. हे मात्र मुकाट्यानं प्यायचे.

कुरुंद्याच्या अलीकडे एक मोठं गाव आहे. तिथल्या कर्त्या माणसांनी ह्यांना पारावर बसवून घेतलं. "वकीलसाहेब, आमच्या बांधाच्या भांडणात तुमीच उभे राहिले. समदं गाव तुमच्या मागं. पन आमच्यात रीत हाय. खंडोबापुढं बेल-भंडारा उचलावा लागंल. आमी बी उचलतो, तुमी बी उचला." बेलाचं पान आणि देवाची हळद हातात घेऊन दिलेला शब्द आमच्या भागात कुणी मोडत नाही. भाऊ भावाला फसवील, पण भंडारा उचलून फिरणार नाही.

हे जीपपाशी आले. मी म्हटलं, "न्हाई. मामंजींना काय सांगसाल?"

"अगं, देवळात बोलावून राहिले आपल्याला," हे म्हणाले. "आत. गाभाऱ्यापाशी."

मला रडू आलं आणि रागही आला. ज्या देवळाला ह्यांच्या आईची सावलीही चालत नव्हती, तिथं आत जायला मिळतंय म्हणून हा शिकलासवरलेला माणूस लेकरासारखा हरखून गेला होता. मतांचा लोभ होताच, पण नुसता तेवढाच नव्हता. ह्यांनी चपला काढल्या, आत गेले आणि त्या सगळ्यांबरोबर भंडारा उचलला. बाहेर आले तेव्हा कपाळाला हळद होती. मी माझ्या पदरानं ती खसाखसा पुसली.

पुसून काय होणार? आमच्या आधी बातमी घरी पोचली होती. मामंजी आपलं अंथरूण उचलून धाकट्या भावाच्या घरी राहायला गेले.

निकालाच्या दिवशी त्या गावच्या पेट्या फुटल्या. त्यात ह्यांच्या नावावर मिळाली ती आमच्याच समाजाची चार-दोन मतं. बाकीच्या आमच्या वस्त्यांनीही पाठ फिरवली होती. देवापुढं वाकणाऱ्याला काहून मत द्यावं, असं त्यांचं म्हणणं. ते खोटं म्हणायला मला तोंड नव्हतं.

पुढं बाजारात त्या गावची एक बाई भेटली, आमच्यातलीच. ती म्हणाली, "बाई, तुमच्या जीपचा धुरळा खाली बसला न्हाई तं त्याईनं देऊळ धुऊन काढलं. तो भंडारा उकिरड्यावर टाकला. म्हने, वकिलाचा हात लागून बाटला, बाटलेल्या भंडाऱ्याची शपथ लागत न्हाई."

मी भर बाजारात त्या गावाच्या नावानं बोटं मोडली. घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे ऐकून उठले आणि तडक चुलत्याच्या घरी गेले, मी मागोमाग. "बा, त्यायनं फसवलं मला," हे म्हणाले.

मामंजी बाजेवर बसले होते. "त्यायनं त्यायची रीत पाळली," ते म्हणाले. "तू जाय आता."

त्यानंतर ते दोन-तीन वर्षं जगले. ते गेले तेव्हा वस्तीतल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं की म्हाताऱ्यानं आधीच बोलून ठेवलंय, अग्नी पुतण्या देईल. कोर्टातल्या वकिलाचे वडील गेले म्हणून त्या गावचे कर्तेही मातीला आले होते. लोकांनी बाजूला सरून त्यांना पुढं वाट दिली. हे सगळ्यात मागं, बाभळीखाली उभे होते, आणि ह्यांना पुढं ये म्हणणारं कुणी नव्हतं.